ड्राऊ स्वतःच्या कागदावर ‘दुष्ट’ असं लिहील का?

पडद्यामागचा
गेल्या रविवारचं भांडण इथे आणतोय, कारण घरात ते मिटलं नाही.

आम्ही पाच जण, नागपुरात त्रिमूर्तीनगरातला फ्लॅट, दुपारी तीन ते आठ, डंजन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची असा खेळ. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. एकीचं जुनं पात्र मेलं, तर ती नवं घेऊन आली: ड्राऊ पुजारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्राऊ म्हणजे जमिनीखाली राहणारे काळे एल्फ; एल्फ म्हणजे परीकथांतले टोकदार कानांचे लोक. देवी लोल्थ, कोळ्यांची राणी. राज्य बायकांचं, आणि घराघरांत कारस्थानं. खेळात यांचा पहिला उल्लेख १९७७ चा, तोही एल्फांच्या नोंदीत जाता जाता केलेला. पुढच्याच वर्षी ते खलनायक म्हणून प्रत्यक्ष आले आणि नावापुढे ‘दुष्ट’ हा शिक्का बसला तो बसलाच.

कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, अलाइनमेंटचा (पात्राच्या नीतीचा) एक रकाना असतो. एका दिशेला शिस्तीपासून स्वैरपणापर्यंत, दुसऱ्या दिशेला सुष्टापासून दुष्टापर्यंत, अशी एकूण नऊ घरं. त्यातलं एक निवडायचं. बाईंनी लिहिलं ‘लॉफुल गुड’, म्हणजे शिस्तीची आणि सुष्ट. पात्र अजून लोल्थचीच भक्त आहे हं, सुधारलेली वगैरे नाही. आणि लिहिलं पेनने. आमच्या पॅलाडिनने, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा खेळणाऱ्याने, खोडरबर मागितला. तिथून पाऊण तास. समोसे गार झाले, कूलरचं पाणी संपलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझं मत सांगून मोकळा होतो. तिचं बरोबर आहे. स्वतःच्या कागदावर ‘दुष्ट’ कुणीच लिहीत नाही. तो रकाना कायम शेजारी भरतो.

शपथबद्ध
खोडरबर मागणारा मीच.

आपल्या जगात चांगलं-वाईट हा मताचा प्रश्न आहे, मान्य. त्या जगात नाही. तिथे दुष्टपणा तापासारखा आहे, मोजता येतो. खेळाच्या नियमांच्या तिसऱ्या आवृत्तीतला पॅलाडिन मन एकाग्र करतो आणि समोरचा दुष्ट आहे का ते त्याला कळतं. आता एखादा म्हणाला की मला बरं वाटतंय, पण थर्मामीटर १०२ दाखवतोय, तर आपण कागदावर काय लिहिणार? त्याला काय वाटतं ते, की १०२?

आणि हे काही बारीकसारीक पाप नाही. त्यांच्या मेन्झोबेरान्झन शहरात घरातला तिसरा जिवंत मुलगा जन्मला की देवीला बळी देतात. हे करणारी बाई लॉफुल गुड? लॉफुल म्हणा हवं तर.

साडेतीनवाला
थर्मामीटर बदललाय, भाऊ.

तुम्ही खेळता पाचवी आवृत्ती आणि भांडता तिसरीच्या नियमांनी. २०१४ च्या पुस्तकात ‘दुष्ट ओळखा’ छापाचा जो मंत्र आहे तो समोरच्याची नियत बघतच नाही, जात बघतो. सैतान, देवदूत, भुतंखेतं, परीलोकातले जीव असे ठरलेले प्रकार तेवढे दाखवतो. ड्राऊ त्यात नाहीत. बाई समोर बसून मुलगा कापत असली तरी मंत्र गप्प.

बरं, जुन्या साडेतीन (३.५) आवृत्तीतही ड्राऊंपुढे ‘यूज्वली न्यूट्रल ईव्हिल’, म्हणजे ‘सहसा दुष्ट’, एवढंच लिहिलंय. ‘यूज्वली’चा अर्थ त्याच पुस्तकात दिलाय: निम्म्याहून जास्त. ‘ऑलवेज’ हा वेगळा शब्द आहे, तो जन्मजात तसेच असणाऱ्यांसाठी. म्हणजे शंभरातल्या चाळीसेक ड्राऊ तशा नसल्या तरी पुस्तकाची हरकत नाही.

शपथबद्ध
या पुजारिणीचा नंबर त्या चाळिसांत लागतो का, एवढंच सांगा.

साडेतीनवाला
नाही लागत. पण मी तुमचं थर्मामीटर तपासत होतो, तिचा ताप नाही.

कोळीण_६६
पेनवाली मी.

थर्मामीटर घेऊ. तुमचा मंत्र चालतो असंच धरू. माझ्या पुजारिणीने तो स्वतःवर टाकला आणि तो लागला. तुमच्या भाषेत त्या गोष्टीचं नाव ‘दुष्ट’. तिच्या भाषेत काय असेल? ‘कणखर’ असेल. ‘देवीची लाडकी’ असेल. तुम्ही १०२ ला आजारपण म्हणता, ती ऊब म्हणते. मंत्र आकडा दाखवतो, त्या आकड्याची लाज वाटायला हवी हे तुम्ही वरून जोडलंत.

मेल्यावर ती कुठे जाणार तेही तिला ठाऊक आहे. अ‍ॅबिसच्या ६६ व्या थरात, देवीच्या जाळ्यात. तुम्ही त्याला पाताळ म्हणता. ती माहेर म्हणते.

आणि तिला लहानपणापासून काय शिकवलंय ते बघा ना. वरचे एल्फ कपटी, त्यांनीच आपल्याला उजेडातून हाकललं, या अंधारात आपण आलो ते त्यांच्यामुळे. ड्रिझ्ट, म्हणजे कादंबऱ्यांतला तो बंडखोर ड्राऊ, त्याच्या गोष्टीत अकादमीत पोरांना हेच पढवतात. मग ती तुकडी वर जाऊन एल्फांची कत्तल करते आणि धर्मकार्य केल्यासारखी परत येते. स्वतःला खलनायक समजून कुणी छापा घालायला जात नाही. सूड घ्यायला जातो, नाहीतर रक्षणाला.

शपथबद्ध
त्याच छाप्यात ड्रिझ्ट एका एल्फ पोरीला तिच्या मेलेल्या आईच्या अंगाखाली लपवून वाचवतो. तोही त्याच अकादमीत शिकला होता, तेच धडे, तेच मास्तर. त्याला दिसलं, म्हणजे दिसू शकत होतं. बाकीच्यांनी डोळे मिटले. अंधारात १२० फूट दिसणाऱ्या लोकांनी!

कोळीण_६६
दिसलं, आणि त्याची किंमत काय? घर, शहर, बाप, सगळं गेलं. हजारात एकाला ते परवडतं. बाकीच्यांना ‘तुम्ही ड्रिझ्ट का झाला नाहीत’ असं विचारणं सोपं आहे, त्रिमूर्तीनगरात बसून.

उन्हाळी
मधेच एक. २०१४ च्या नियमांत ड्राऊला उन्हात लढताना दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यावा लागतो ना? मे महिन्यात सीताबर्डीवर दुपारी दोनला गाडी लावायला जागा शोधून बघा. आपण सगळेच ड्राऊ. चालू द्या.

इतवारीकर
काय बे तुम्ही लोकं, नागपुरात राहून हे इचारून राहिले? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत या, सारं समजते. १८८० च्या दशकापासून मारबत, म्हंजे बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, निघून राहिली. काळी मारबत म्हंजे वाईट. कोणी तिले नागपूरच्या भोसल्याईच्या रानीशी, बाकाबाईशी जोडते, इंग्रजाईले मिळाली म्हनून. कोणी पूतना म्हनते. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, सारं तिच्या डोक्यावर टाकाचं अन् म्हनाचं, घेऊन जा गे मारबत! तिले कोनी इचारलं का, बाई तुयं काय म्हननं हाय?

तुमची ड्राऊ म्हंजे काळी मारबत. आपल्या घरचा कचरा तिच्यात भराचा, मंग जाळाचा. रंगबी तोच पाह्यजे.

शपथबद्ध
पिवळी मारबतही जाळतात, दादा. रंगाचा मुद्दा तिथेच संपला.

इतवारीकर
जळतेत तं दोघीबी. शिव्या कोनाले पडतेत ते सांग.

जुना वाचक
मी हा खेळ खेळलेलो नाही. नातू खेळतो, त्याच्याकडून हा धागा कळला. तुमच्यासारखाच एक प्रश्न आमच्याकडे फार पूर्वी येऊन गेलाय, तो सांगतो.

वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण करतो. त्यांतले काही म्हणाले ‘रक्षाम’, काही म्हणाले ‘यक्षाम’. पहिले ते राक्षस, दुसरे ते यक्ष. म्हणजे ज्या शब्दाने आपण पोरांना घाबरवतो तो शब्द मुळात त्यांनी स्वतःहून उचललेल्या राखणदारीचा आहे. शिवी मागाहून झाली. आपण दसऱ्याला कस्तुरचंद पार्कात रावणाचं दहन बघतो, आणि इथून काही तासांवर अकोला जिल्ह्यात सांगोळ्याला त्याच रावणाची मूर्ती पुजतात. कुणाच्या कागदावर काय लिहायचं ते गावागणिक बदलतं.

पण ताई, तुमच्या बाजूने मी पूर्ण नाही. ‘रक्षाम’ म्हणणाऱ्यांनी पुढे काय केलं तेही त्याच ग्रंथात आहे. स्वतःला राखणदार म्हणवणं फुकट असतं. बिभीषणही त्याच कुळातला होता, त्याने भावाला तोंडावर सांगितलं. तेव्हा कुळाला शिक्का नको हे पटतं, पण प्रत्येकाच्या स्वतःच्या मताचा शिक्का चालवून घ्यावा हे नाही पटत.

कोर्टाची पायरी
कुळाला शिक्का हा मुद्दा निघालाच आहे तर बोलतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्या जमातीत जन्मलात की नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. पारधी त्यात होते. कायदा सुटला १९५२ ला, संशय अजून सुटलेला नाही. गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या तांड्यावर जातात ते विचारा. ‘या जातीचे बहुतेक दुष्ट’ हे वाक्य खेळाच्या पुस्तकात वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. साडेतीनवाले निम्म्याहून जास्त, निम्म्याहून कमी असा हिशेब मांडतायत. त्या कायद्यालाही असाच हिशेब पुरला होता.

शपथबद्ध
इथे मी चिडून लिहितोय, आधीच माफी. पारधी खरी माणसं आहेत. त्यांच्यावरचा आरोप खोटा होता, अन्याय तोच होता. ड्राऊंवरचा आरोप खोटा नाही. ते खरोखर बळी देतात, कारण लिहिणाऱ्याने तसं लिहिलंय. कागदावरच्या एल्फांसाठी त्यांचं दुःख उसनं घेऊ नका. त्याने एल्फांचं काही भलं होत नाही आणि पारध्यांचंही नाही.

कोर्टाची पायरी
हे मान्य करतो. तुलना जपून करायला हवी होती. तरी एक उरतंच: लिहिणाऱ्याने तसंच का लिहिलं? एक अख्खी जात, कातडी काळी, राज्य बायकांचं, आणि म्हणून भयंकर. हे आकाशातून पडलेलं नाही, टेबलाशी बसून कुणीतरी ठरवलंय. २०२० च्या जूनमध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की ऑर्क (खेळातली आणखी एक ‘दुष्ट’ ठरवलेली जात) आणि ड्राऊ यापुढे इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू. २०२४ च्या पुस्तकात तर ‘रेस’ हा शब्दही काढून ‘स्पीशीज’ केला. त्यांना स्वतःलाच काहीतरी खटकलं असणार.

फक्त कुऱ्हाड
सगळं गुंतागुंतीचं करून ठेवा. आठवडाभर ऑफिसात करड्या माणसांशीच गाठ असते. साहेब चांगला की वाईट हे मला नऊ वर्षांत ठरवता आलेलं नाही. रविवारी तरी समोरचा वाईट आहे हे आधी सांगा आणि मला कुऱ्हाड चालवू द्या.

शपथबद्ध
कुऱ्हाडवाल्याला माझा दुजोरा, पण मुख्य मुद्दा राहिलाय. ड्राऊंना स्वतःचं वाईट कळत नाही, हेच मुळात चूक आहे.

मेन्झोबेरान्झनचा कायदा बघा. एका घराने दुसऱ्या घरावर रात्री हल्ला करून सगळं कुळ मारलं तर चालतं. अट एकच, तक्रार करायला त्या घराण्यातलं कुणी उरता कामा नये. एक जरी वाचला तर हल्ला करणारं घर बुडतं. आता मला सांगा, काम पुण्याचं असेल तर रात्री का? साक्षीदार कशाला संपवायचे? सगळ्या शहराला माहीत असतं कुणी केलं, आणि सगळे माहीत नसल्यासारखं वागतात. लपवालपवी करतो त्याला कळलेलं असतं. तुमची पुजारीण लॉफुल गुड लिहिते तेव्हा ती भाबडी नाही. खोटं बोलतेय.

साडेतीनवाला
हा मुद्दा जोरदार आहे. आकडे नसूनही.

कोळीण_६६
याच्यावर काल रात्री बराच वेळ गेला माझा.

पहिलं उत्तर सुचलं ते असं: तो कायदा नीतीचा नाहीच, नीटपणाचा आहे. ‘सापडला तो चोर’ आपण म्हणतो तेव्हा चोरीला वाईट म्हणत नसतो, सापडण्याला हसत असतो. परीक्षेत कॉपी करणारा पकडला गेला की बाकीचे काय म्हणतात? ‘गधा, नीट लपवता नाही आली.’ तसंच. देवीला गबाळेपणा चालत नाही, एवढाच त्या कायद्याचा अर्थ.

पण लिहून झाल्यावर मलाच ते पुरेना. कॉपी करणाऱ्याला कॉपी म्हणजे काय ते माहीत असतंच. म्हणून शपथबद्ध, अर्धं तुम्हाला देते. तिला कुठेतरी माहीत आहे. आणि माहीत असूनच ती रकान्यात ‘गुड’ लिहिते, पेनने, ठळक. ज्याला खात्री असते तो पेन्सिलनेही लिहितो.

म्हणजे मी तिचं अलाइनमेंट चुकीचं लिहिलेलं नाही. तिने चुकीचं लिहिलंय. आणि मला तीच खेळायची आहे. तुम्ही खोडलंत तर पात्रच पुसलं जाईल.

शपथबद्ध
मग रकाना खरं सांगायला आहे की पात्र स्वतःशी काय बोलतं ते सांगायला?

पडद्यामागचा
डीएम म्हणून मला उत्तर द्यायला हवं, आणि वर पहिल्याच पोस्टमध्ये मी जे छाती ठोकून लिहिलं त्यावर मी आता तेवढा ठाम नाही. शेजारी भरतो म्हणालो होतो. पेनचा अर्थ लागल्यावर तेवढंच म्हणून भागत नाही.

रकाना तसाच राहील. खोडरबर घरी ठेवून या. रविवारी आपल्या पात्रांची टोळी जमिनीखाली उतरतेय, पुजारिणीच्या थोरल्या बहिणीच्या घरी. बहिणीला दोन मुलगे आहेत. तिसऱ्या वेळचे दिवस भरलेत.

कोळीण_६६
हा डाव आहे तुमचा, दादा. ठीक.

आत्ताच सांगून ठेवते, सुरी तिच्या हातात दिली तर ती घेईल. रडेल, पण घेईल. आणि घरी येऊन कागदावरचं अक्षर पुन्हा एकदा गिरवेल.

शपथबद्ध
माझा पॅलाडिन मधे उभा राहील. फासे घेऊन ये.

पडद्यामागचा
तीन वाजता. कूलरमध्ये पाणी मी भरून ठेवतो.