मेसेजच्या शेवटी पूर्णविराम दिला की इंग्रजीत राग दिसतो?

निवृत्त_मास्तर:
हायस्कूलात इंग्रजी शिकवण्यात उभी हयात गेली. पूर्णविराम विसरला की अर्धा मार्क कापायचो. आता नात लीड्सला शिकते. आम्ही एकमेकांना इंग्रजीतच लिहितो, हट्ट माझाच. परवा तिने कळवलं, ट्रेन चुकली, रात्री बोलू. मी लिहिलं, ‘ओके.’ लगेच फोन! "आजोबा, चिडलात का?" कशावरून, तर त्या टिंबावरून. शिवाय तिचा ‘आय’ कायम स्मॉल, आणि हसण्यासारखं काही नसताना जागोजाग ‘एलओएल’, म्हणजे ‘लाफिंग आउट लाउड’. हे तिच्या कंपूपुरतं खूळ आहे की इंग्रजीच अशी झालीये? ‘हल्लीची पिढी’ छाप उत्तरं नकोत, ती मी स्वतः देऊ शकतो.

प्रूफवाली:
मास्तर, विरामचिन्हांवरच माझं पोट आहे, म्हणून जरा लांबण लावते.

खूळ नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाने २०१५ साली हे तपासलं होतं. एकशब्दी उत्तर पूर्णविरामासकट मेसेजमध्ये दाखवलं, तर विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं, तेव्हा तसा फरक दिसला नाही. मला त्यातली चिठ्ठीच महत्त्वाची वाटते. कागदावर टिंबाशिवाय वाक्य कुठे संपलं ते कळत नाही. फोनवर सेंड दाबलं की वाक्य संपलंच, टिंबाला काम उरत नाही. तरीही कोणी ते टाकलं, की वाचणारा कारण शोधू लागतो.

स्मॉल ‘आय’ तर आळसाने होतच नाही. फोन आपणहून कॅपिटल करतो, म्हणजे नातीने ती सोय बंद तरी केली असणार, नाहीतर ती दर वेळी खोडत असणार. ‘ग्रेट’ऐवजी ‘जीआर८’ लिहायचे, ते प्रकरण वेगळं होतं. बटणांच्या फोनवर ‘एस’ काढायला सातचं बटण चारदा दाबावं लागे, आणि सगळा मजकूर १६० अक्षरांत कोंबायचा. ती अडचण गेली तशी ती लघुरूपंही बरीचशी गेली. आज कोणी ‘जीआर८’ लिहिलं तर पोरं त्याच्या वयाचा अंदाज बांधतात.

‘एलओएल’बद्दल भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांचं म्हणणं असं, की ते आता हसणं राहिलेलं नाही, समोरच्याशी सूर जुळवायला वापरतात. ‘ओएमजी’ (ओ माय गॉड) मात्र मोबाइलच्या माथी मारू नका. ब्रिटिश ॲडमिरल फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे!

तारबाबू:
आमच्या तार ऑफिसात शब्दागणिक पैसे. गिऱ्हाईक ‘द’ आणि ‘ॲन’ घरूनच छाटून आणायचं. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ वाचून कोणी व्याकरण काढत बसला नाही, थेट एसटी पकडली. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. ती होती तोवरही पत्र लिहायला बसलं की तोच माणूस ‘रिस्पेक्टेड सर’पासून सगळं रीतसर लिहायचा.

रात्रपाळी:
प्रूफवालीताई, सरसकट नको. माझे क्लायंट अमेरिकेत आहेत. तिथला साठीचा मॅनेजर चॅटवरही प्रत्येक वाक्याला टिंब देतो, आणि माणूस अगदी देवमाणूस. दोन-तीन वाक्यांचा मेसेज असेल तर पूर्णविराम तरुणांनाही खटकत नाही. बोचतो तो ‘ओके.’, ‘फाइन.’ असल्या तुटक उत्तरात. मास्तर, ‘ओके, सावकाश जा’ एवढं लिहिलं असतंत तर टिंबासकट खपून गेलं असतं.

निवृत्त_मास्तर:
पटलं. पण माझ्या टिंबाची नोकरी गेली हे पचायला वेळ लागेल. आणि नुसता अंगठा पाठवला तर?

प्रूफवाली:
अहो, तो बऱ्याच पोरांना टिंबाहून तुसडा वाटतो. वर कॅनडातला किस्सा ऐका. सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदीदाराने एका शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याचा करार फोनवर पाठवला. त्याने उत्तरादाखल अंगठा टाकला आणि पुढे माल दिलाच नाही. २०२३ साली कोर्टाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई लावली. नातीला खुशाल पाठवा. जमिनीच्या एजंटाला नको.