घरी बांधत असलेल्या टिअरड्रॉप ट्रेलरचे वजन कसे काढावे?

प्रश्न: गॅरेजकर

मी ओहायोत राहतो आणि घरच्या गॅरेजमध्ये ४ फूट रुंद व ८ फूट लांब टिअरड्रॉप ट्रेलर (गाडीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची छोटी फिरती खोली) बांधायला घेतला आहे. आत दोघांपुरती झोपायची जागा आणि मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा, अशी नेहमीचीच रचना आहे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड दिली आहे. चाके व ॲक्सलसह लोखंडी सांगाडा २७० पौंड, भिंतींना पाऊण इंची प्लायवुडच्या दोन शीट १३०, तळ, आतले पार्टिशन व ओटा यांसाठी अर्ध्या इंचीच्या तीन शीट १३५, छताला पाव इंचीच्या तीन शीट ६६ आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा ७२, अशी माझी बेरीज ६७३ पौंडांवर येते. हा अंदाज विश्वासार्ह मानावा का?

प्रतिसाद १: रंधा

लाकडाचा हिशेब ठीक आहे, पण तो ट्रेलरचा हिशेब नाही. माझ्या कागदावर ६४० पौंड होते आणि ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्याने रिकाम्या ट्रेलरचे ९१० दाखवले. मधले २७० पौंड कुठून आले, हे शोधताना लक्षात आले की गोंद, स्क्रू, व्हार्निश, दारे, खिडक्या, बिजागऱ्या, छतावरचा पंखा, वायरिंग, जॅक आणि गादी यांपैकी एकही वस्तू मी धरली नव्हती, कारण सुटी हातात घेतली तर त्यांतली कोणतीच जड वाटत नाही. साठवणुकीची साधी शिसे-आम्ल बॅटरीच ५० पौंडांच्या आसपास जाते. तेवढ्याच क्षमतेची लिथियमची साधारण निम्म्यात येते. शिवाय सामान वेगळेच: ५ गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ ४२ पौंड.

प्लायवुडचे वजन लाकडाच्या जातीनुसार आणि ओलाव्यानुसार बदलते, म्हणून छापील आकडा घेऊ नये. उरलेल्या तुकड्यातून बरोबर एक चौरस फूट कापून तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा आणि ३२ ने गुणावे. पुढे प्रत्येक वस्तू बसवण्यापूर्वी तोलून वहीत लिहीत जावे. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

प्रतिसाद २: उलाळ

एकूण वजनाइतकेच ते कुठे बसते हेही पाहावे. आमच्या गावी बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच आहे, फक्त तो वेगात असताना हेलकावे खाऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत हलवतो. हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडणीवर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. हजार पौंडांच्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या १२ इंच पुढे आणि कपलर (हिचला अडकणारे ट्रेलरचे पुढचे टोक) १०० इंच पुढे असेल, तर हिचवर १२० पौंड येतात. टिअरड्रॉपमध्ये ओटा, शेगडी आणि बर्फाची पेटी अगदी मागे असल्याने हा भार सहज घटतो, म्हणून बॅटरी पुढच्या पेटीत ठेवणे बरे.

मोजण्यासाठी बाथरूमचा वजनकाटा पुरतो. चाके हलू नयेत म्हणून त्यांना अडसर लावून ट्रेलर समतल ठेवावा. भक्कम फळीचे एक टोक विटेवर आणि ३ फुटांवरचे दुसरे काट्यावर टेकवून, कपलरचा भार विटेपासून १ फुटावर द्यावा. फळीचे स्वतःचे वजन वजा करून उरलेल्या आकड्याची तिप्पट म्हणजे हिचवरचा भार.

गॅरेजकर

दोघांचेही आभार. एक फुटाचा चौरस तुकडा ८६० ग्रॅम भरला, म्हणजे पाऊण इंची शीट ६५ ऐवजी सुमारे ६१ पौंडांची निघाली. दोन शीटमागे वाचलेले हे ८ पौंड मात्र जादा चाकानेच गिळले, कारण तेही मी धरले नव्हते. बॅटरी पुढे नेली आहे. पाण्याची टाकी ओट्याखाली मागे न ठेवता ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाखाली बसवतो आहे.