मदत हवी आहे: व्याख्यानमालेचा लोगो, कोडमधली रांगोळी आणि हरवलेला सीड

नमस्कार मंडळी,

इतके दिवस नुसती वाचक होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला यंदा पन्नासाव्या वर्षात पदार्पण करतेय. सात दिवस, सात वक्ते, शाळेचं पटांगण. दर वर्षी फ्लेक्सवर सरस्वती आणि कोपऱ्यात उघडं पुस्तक असतं. यंदा "जरा वेगळं करू" असं ठरलं आणि मी पुण्यात 'कॉम्प्युटरमध्ये' आहे म्हणून लोगो माझ्या गळ्यात पडला. मी टेस्टिंग करते, डिझाइन नाही, हे दोनदा सांगून झालं. उपयोग शून्य.

चित्रकलेत माझा हात बेताचाच, म्हणून म्हटलं कोडकडूनच काढून घेऊ. डोळ्यांसमोर आईची रांगोळीची वही होती. आईचं माहेर बेळगावचं, त्यामुळे तिच्या वहीत ठिपके जोडणाऱ्या सरळ रेघांच्या रांगोळ्यांबरोबर ठिपक्यांना वळसे घालत जाणाऱ्या रांगोळ्याही भरपूर आहेत. मला त्या वळशांच्या हव्या होत्या. पीफाइव्ह जावास्क्रिप्ट (कोडने चित्रं काढायचं साधन) घेतलं आणि दोन शनिवार-रविवार घालवून हे उभं केलं:

ठिपके ७ बाय ७. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये एक जागा धरायची. तिथे तीनच गोष्टी होऊ शकतात. एक तर दोन रेघा एकमेकींना छेदून पुढे जातात, नाहीतर तिथे उभा आरसा असतो, नाहीतर आडवा. आरसा म्हणजे रेघ तिथे आपटून वळते. कुठे काय हे कोडमधला रँडम (चिठ्ठी काढल्यासारखी निवड) ठरवतो. पूर्ण रँडम ठेवलं तर शेवयांचा गोळा दिसतो, म्हणून फक्त चतकोर भाग रँडम ठेवते आणि तोच चारदा फिरवून घेते. मग एकदम रांगोळी दिसायला लागते. पहिल्यांदा दिसली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता रडगाणं.

१. दर क्लिकला नवी रांगोळी येते. चाळीसएक स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकले. अध्यक्ष अप्पांना त्यातली नेमकी एकच आवडली. "हीच. दुसरी नको." त्या वेळी मी रँडमसीड (रँडमला द्यायचा सुरुवातीचा आकडा, तोच दिला की तेच चित्र परत येतं) वापरलंच नव्हतं, त्यामुळे ती रांगोळी पुन्हा काढता येत नाहीये. माझ्याकडे आहे तो फक्त व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला स्क्रीनशॉट. काल रात्री अडीचशे वेळा क्लिक केलं, हसू नका.

२. तो स्क्रीनशॉट फ्लेक्सवाल्याकडे पाठवला तर उत्तर आलं, "मॅडम फाटतंय. सीडीआर आहे का?" (म्हणजे कोरलड्रॉची फाइल.)

३. नाव लिहिताना 'व्याख्यानमाला'चं 'व् याख् यानमाला' होतंय. फाँट युनिकोडच आहे. ब्राउझरमध्ये दुसरीकडे तोच फाँट नीट दिसतो.

४. माझ्या मनात होतं की सात दिवसांच्या सात रांगोळ्या कराव्यात, एकाच घराण्यातल्या पण वेगळ्या. समितीचं म्हणणं, "लोगो रोज बदलला तर तो लोगो कसला?" यावर तुमचं मत हवंय.

५. आणि एक कोडं. मला पूर्ण रांगोळी एकाच अखंड रेघेची हवी होती, हात न उचलता काढलेली. शंभर वेळा क्लिक केलं तरी कधी तीन फास (सुट्या बंद रेघा), कधी पाच, कधी नऊ. आईला दाखवलं तर तिने न बघताच सांगितलं, "सात बाय सात एका रेघेत होत नसते. आठ ठिपके घे एकीकडे." का, ते तिलाही सांगता येत नाही. "आमच्या आईने सांगितलेलं," इतकंच.

फ्लेक्स छापायला तीन आठवडे आहेत.

ओसरी

---

पेनड्राइव्ह:

ओसरी, पहिल्याचं उत्तर सोपं आहे, क्लिक करणं थांबवा. तुमच्या ७ बाय ७ मध्ये आडव्या जागा ७ गुणिले ६ म्हणजे ४२, उभ्या ४२, एकूण ८४. चतकोर फिरवताय म्हणजे खऱ्या जागा २१. प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे ३ चा २१ वा घात, एक हजार कोटींच्या वर. अप्पांची रांगोळी क्लिक करून परत भेटण्याआधी व्याख्यानमालेची शताब्दी येईल.

पण सीड हवाच कशाला? चित्र तर तुमच्यासमोर आहे. स्क्रीनशॉटची प्रिंट काढा, चतकोर भागावर पेन्सिलीने २१ जागांना आकडे घाला आणि प्रत्येक ठिकाणी बघा: छेद, उभा की आडवा. छेद ०, उभा १, आडवा २. एकवीस आकड्यांची यादी झाली की रँडमच्या जागी ती यादी द्या. अर्ध्या तासाचं काम. फिरवताना उभ्याचा आडवा होतो तेवढं ध्यानात ठेवा, पहिल्या खेपेला सगळे तिथेच चुकतात.

आणि यापुढे सीड फाइलच्या नावातच घाला. 'रांगोळी-४७११' असं. मी हे ठेच खाऊनच शिकलोय.

---

छापखाना:

मी कोल्हापुरात डीटीपी करतो, तुमच्या फ्लेक्सवाल्याचं दुःख समजू शकतो. १०८० पिक्सेलचं चित्र १० फुटांवर ताणलं तर इंचाला ९ पिक्सेल पडतात. प्रत्येक पिक्सेल हाताने मोजता येईल. त्याला व्हेक्टर हवंय, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांनी साठवलेलं, कितीही ताणलं तरी न फाटणारं चित्र. सीडीआर नसेल तर पीडीएफ चालते, पण फाँट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून. ही ओळ आमच्या दुकानात भिंतीवर लावलीय.

पीफाइव्हमधून थेट एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) निघत नाही, वेगळी लायब्ररी जोडावी लागते आणि आवृत्त्यांचा मेळ बसवावा लागतो. त्यापेक्षा 'प्रोसेसिंग' या सॉफ्टवेअरमध्ये न्या, तिथे एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्ही काढायची सोय आहे. नाहीतर एसव्हीजी म्हणजे शेवटी साधा मजकूर, तुमच्या कोडनेच ओळी लिहून फाइल सेव्ह करा. एकच पथ्य पाळा: प्रत्येक वळण सुटं काढू नका. रेघ जिथून निघाली तिथपासून तिचा माग काढत परत तिथेच या आणि पूर्ण फास एकच पाथ (सलग रेघ) म्हणून लिहा. सुट्या कमानी असल्या की सांध्यांवर बारीक फटी राहतात. स्क्रीनवर दिसत नाहीत, दहा फुटांवर दिसतात, आणि मग गिऱ्हाईक आम्हाला बोलतं.

जोडाक्षरांचं: फाँटची फाइल लोडफाँटने आत घेतली की पीफाइव्हची जुनी, १ क्रमांकाची आवृत्ती अक्षरं स्वतः मांडायला जाते, आणि देवनागरीची जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जुळवण्याची अक्कल तिच्यात नाही. ब्राउझर स्वतः मांडतो तेव्हा बरोबर येतं, म्हणून दुसरीकडे नीट दिसतं. नाव कोडमध्ये लिहूच नका. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मुक्त' नावाच्या फाँटने टाइप करा (मुंबईच्या एक टाइपचा आहे, मोफत आहे, लांबून वाचता येतो), 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा (अक्षरांचे आकार होतात) आणि रांगोळीखाली बसवा.

---

गणितगोळी:

बाकी सगळं राहू द्या, मला तुमच्या आईंना नमस्कार सांगायचाय.

एकही आरसा नसलेली, नुसत्या छेदांची रांगोळी घ्या. ठिपके म बाय न असतील तर फासांची संख्या म आणि न यांचा मसावि. पाचवी-सहावीतला मसावि, तोच. ७ आणि ८ चा मसावि १, म्हणून एक रेघ. ७ आणि ७ चा मसावि ७, म्हणून सात फास. आई म्हणाल्या ते तंतोतंत. वहीत बघा, ५ बाय ६ किंवा ७ बाय ८ सापडतातच.

आरसे घालून ७ बाय ७ मध्येही एकच रेघ मिळवता येते (आईंना आत्ताच सांगू नका). जिथे दोन वेगवेगळे फास एकमेकांना छेदतात तिथे आरसा ठेवला, उभा असो वा आडवा, की ते दोन जोडले जाऊन एक होतात. सातांचा एक करायला असे सहा आरसे पुरतात. पण एकच फास स्वतःला छेदतो तिथे आरसा घातला तर तो फुटू शकतो. तुम्ही न बघता टाकत होतात, म्हणून कधी तीन कधी नऊ. शिवाय चौपट फिरवल्यामुळे तुमचे आरसे चाराच्या पटीतच येतात: चार, आठ, बारा. सहा येणारच नाहीत. सममिती थोडी सोडा, चतकोराऐवजी अर्धा भाग फिरवा, मग आरसे जोडीने येतील.

पण मी म्हणतो, एकाच रेघेचा हट्ट कशाला? सात दिवस, सात वक्ते, आणि ७ बाय ७ चे आपोआप सात फास. एकही आरसा न घालता. काढून बघा.

---

निवांत_पोपट:

गणितगोळी, जागेवर उठून उभा राहिलो.

चौथ्या मुद्द्यावर माझे दोन पैसे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २०११ मध्ये असाच प्रयोग केला होता. तीन प्रकाशझोत एकमेकांवर पडतात, त्यांच्या जागा कोडने बदलायच्या, चाळीस हजार रूपं, म्हणजे लॅबमधल्या प्रत्येकाच्या कार्डावर त्याचं स्वतःचं. बघायला सुंदर. तीनच वर्षांत, २०१४ मध्ये, पेंटाग्राम या डिझाइन कंपनीने त्यांना नवं चिन्ह करून दिलं. लॅबचं एकच पक्कं चिन्ह आणि त्यातल्या गटांना त्याच चौकटीतून काढलेली भावंडं. चौकट किती बाय किती माहितीये? ७ बाय ७.

तेव्हा तुमची समिती अगदीच चूक नाही. रोज नव्या चेहरेपट्टीचं चिन्ह सांभाळायला माणसं लागतात. तुमच्याकडे एक फ्लेक्सवाला आहे. सांगाडा एकच ठेवा, त्यात एखादीच गोष्ट रोज हलू द्या.

---

ओसरी:

सगळ्यांचे खूप खूप आभार! काल रात्री आरसे सगळे काढून टाकले आणि प्रत्येक फासाला वेगळा रंग दिला. जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला फास लांबच लांब आणि अरुंद, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आत कर्णावरचे सात ठिपके. दुसरा त्याच दिशेने पण थोडा रुंद. तिसरा आणखी रुंद. चौथा बरोबर चौरस, कोनावर उभा, मधोमध, पोटात पंचवीस ठिपके. मग पाचवा दुसऱ्या कर्णाच्या दिशेने, सहावा त्याहून अरुंद, सातवा परत बारीक. म्हणजे तीन इकडचे, तीन तिकडचे आणि मधला दिवस मधोमध. मी यातलं काहीच ठरवलेलं नाही.

तर आता ठरवलंय ते असं. सांगाडा तोच राहील, सातही फास राखाडी. ज्या दिवशी जो वक्ता, त्या दिवशी तो एक फास कुंकवाच्या रंगात.

कोणी म्हणेल, मग रँडमचं काय राहिलं? लोगोत काहीच नाही राहिलं, खरं आहे. रेघ हाताने काढल्यासारखी किंचित थरथरावी म्हणून नॉइज (कोडमधला हलका, सलग रँडमपणा) वापरून पाहिलं, पण लहान आकारात ते छपाईची चूक वाटतं. काढून टाकलं.

छापखाना, एक शंका. कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करायचंय, दोन रंग जमतील का?

---

छापखाना:

जमतील, पण रंगामागे एक स्क्रीन (छपाईचा साचा). राखाडीची एक आणि लाल फास रोज वेगळा म्हणून त्याच्या सात, अशा आठ. पिशव्यांवर एकरंगी सांगाडाच छापा. लाल फास फ्लेक्स आणि व्हॉट्सअॅपपुरता ठेवा, तिथे रंगाचे जादा पैसे नाहीत. डीपीला ठिपके काढून टाका आणि रेघ दुप्पट जाड करा, नाहीतर गोलात नुसती जाळी दिसेल.

---

पेनड्राइव्ह:

आणि अप्पांच्या लाडक्या रांगोळीचं काय झालं? की बिचारी गेली?

---

ओसरी:

नाही हो. प्रिंट घेऊन मी आणि आई बसलो. मी चष्मा लावून एकेक जागा वाचत होते, आई नुसती बोट फिरवत सांगत होती, "इथे वळव, इथे सोड." सतराव्या जागेवर व्हॉट्सअॅपने सगळं धुरकट केलं होतं. तिथे आईने बघितलंसुद्धा नाही, "इथे वळलीच पाहिजे, नाहीतर हा ठिपका उघडा पडतो." वळवली. हुबेहूब जुळली.

बैठकीत दोन्ही ठेवल्या. अप्पा बराच वेळ आपल्या रांगोळीकडे बघत होते, मग म्हणाले, "ही खुणेच्या पट्टीवर घाला, पुस्तकात राहील." त्यामुळे रँडमला काम मिळालं: तीनशे बुकमार्क, प्रत्येकावर वेगळी रांगोळी, मागे बारीक अक्षरात तिचा सीड. अप्पांच्या रांगोळीला सीड नाही, तिच्यामागे एकवीस आकडे छापतेय.

लोगो सात फासांचाच ठरला, एकमताने. फक्त आता नवीन भानगड झालीय. मधला चौरस सगळ्यात उठून दिसतो हे सगळ्यांच्या लक्षात आलंय, आणि चौथा दिवस कोणत्या वक्त्याला द्यायचा यावर रविवारी पुन्हा बैठक आहे.