वादविवाद स्पर्धा: वही भरली पण भाषण उभं राहत नाहीये

एसवायची_वादपटू
नमस्कार, मी पुण्यात एसवायला आहे आणि पुढच्या शनिवारी आमचा आंतरमहाविद्यालयीन वादविवाद आहे. विषय आलाय 'पीएमपीची बससेवा सर्वांसाठी मोफत असावी'. संघात दोघं, मी अनुकूल, पार्टनर प्रतिकूल, प्रत्येकी सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला पहिली घंटा. चार दिवस नुसतं वाचतेय. लक्झेंबर्गला 2020 पासून मोफत, एस्टोनियाची राजधानी टॅलिनला 2013 पासून, दिल्लीत महिलांना 2019 पासून, कर्नाटकात 2023 मध्ये महिलांना मोफत प्रवासाची शक्ती योजना आली, आपल्या एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट, सगळं लिहून झालंय. पण बोलायला उभी राहिले की ती नुसती यादी वाटते. मागच्या स्पर्धेतही विषय असाच सरकारी खर्चाचा होता, सहा मिनिटं मी छान बोलले, मग समोरच्याने एवढंच विचारलं की पैसे कोण भरणार, आणि मला एक वाक्य सुचलं नाही. ते अजून मनातून जात नाही. मोठ्या लोकांनी प्लीज सांगा, तयारीला सुरुवात नक्की कुठून करायची?

टिळकरोडवाला
कॉलेजची तिन्ही वर्षं हेच केलंय म्हणून सांगतो, वही दोन दिवस बंद ठेव आणि विषयाचं वाक्य समोर घेऊन बस. त्यात 'सर्वांसाठी' आहे आणि 'मोफत' आहे. आता तुझी उदाहरणं या दोन शब्दांना लावून बघ. दिल्ली, कर्नाटक फक्त महिलांसाठी. एसटीत सवलत आहे, मोफत नाही. टॅलिनला फक्त तिथे नोंदणी असलेल्या रहिवाशांना. उरलं लक्झेंबर्ग, तो चिमुकला श्रीमंत देश आणि तिथेही रेल्वेच्या फर्स्ट क्लासला तिकीट लागतंच. म्हणजे पाचातली चार उदाहरणं प्रतिकूलवाला पहिल्याच मिनिटात बाद करणार. ती टाकून देऊ नकोस, पण 'जगात चालतंय म्हणून इथे चालेल' यासाठी वापरू नकोस.

आणि पैशाचं म्हणशील तर पीएमपीची तूट आजही मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून काढतात, त्यांच्यात 60 आणि 40 टक्के अशी वाटणी आहे. म्हणजे करातून पैसे द्यायचे का हा वाद नाहीच, ते आपण देतोच. खरा वाद असा की जास्तीचा रुपया आला तर तो तिकीट माफ करायला लावायचा की नवीन बस घ्यायला. हा प्रश्न तू स्वतःच मांडलास तर पार्टनरच्या आधी तू तिथे पोचशील, आणि सात मिनिटांपैकी निदान तीन मिनिटं यालाच दे कारण निकाल इथेच लागणार आहे.

टॅलिनबद्दल अजून एक. तिथल्या अभ्यासात दिसलं की बसकडे वळलेल्यांमध्ये आधी पायी जाणारे बरेच होते, गाडीवाले अपेक्षेपेक्षा कमी. 'ट्रॅफिक कमी होईल' हा तुझा पहिला मुद्दा असेल तर तो यात बुडेल.

मराठीच्या_मॅडम
परीक्षक म्हणून बसते म्हणून लिहितेय. मुलं 'एका अहवालानुसार' म्हणतात ना, तिथे मी कागदावर प्रश्नचिन्ह काढते. कुणाचा अहवाल, कोणत्या सालचा, हे सांगता येत नसेल तर आकडा घेऊच नका. पीएमपीचे आकडे हवेत तर महापालिकेचं अंदाजपत्रक आणि दरवर्षी निघणारा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल बघा, नुसत्या बातम्यांच्या कात्रणांवर राहू नका.

दुसरं म्हणजे आपल्या पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक वाच. 1911 ला मांडलं, 1912 ला 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. पण त्यांनी मागणी किती नेमकी केली होती बघ, वय सहा ते दहा, सुरुवात मुलग्यांपासून, तीही जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच, आणि खर्चाचा वाटा कुणी किती उचलायचा हेही मांडलेलं. हरलेलं भाषण आहे पण तयारी कशी असते ते मला तरी तिथेच कळलं.

आणि अगं, तुझा पार्टनर प्रतिकूल आहे हे केवढं सोयीचं आहे! दोन दिवस बाजू बदलून बोला. तो तुझी बाजू मांडेल तेव्हा तुला ऐकू येईल की कुठे पोकळ वाजतंय.

हडपसरहून
मॅडमना प्लस वन. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात अर्थशास्त्राचं भरपूर आहे, बाहेरच्यांना बसून वाचायची सोय काय आहे ते आधी फोन करून विचार. पण मी म्हणेन एक संध्याकाळ बसस्टॉपवर घालव. फक्त 'मोफत हवी का' असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. काल कसे आलात आणि का, एवढंच विचार.

एसवायची_वादपटू
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल संध्याकाळी डेक्कनच्या स्टॉपवर दीड तास उभी होते, पार्टनरही आला. एक मुलगा म्हणाला दहा रुपयांचं काही नाही हो, माझी सोसायटी स्टॉपपासून लांब आहे म्हणून मी टू व्हीलर काढतो. हे पार्टनरने लगेच लिहून घेतलं. मग एक मावशी भेटल्या, कर्वे रोडला दोन घरी स्वयंपाकाचं काम करतात, राहायला दांडेकर पुलाजवळ. सकाळी बसने येतात आणि संध्याकाळी चालत जातात. का विचारलं तर म्हणाल्या, रोजचे दहा वाचले की महिन्याला अडीचशेच्या वर जातात, मुलीच्या क्लासला होतात. दिवसभर ओट्याशी उभं राहून परत चालत. पिशवीत चपलांचा दुसरा जोड होता, चालायला वेगळा.

टिळकरोडवाला दादा, मला तुमचं टॅलिन तिथेच आठवलं. पायी जाणारे बसमध्ये आले हा पार्टनरचा मुद्दा आहे, पण पायी जाणाऱ्या या मावशी असतील तर तो माझाच मुद्दा झाला ना? ट्रॅफिक आता शेवटी एका वाक्यात ठेवलाय. सुरुवात चपलांच्या जोडापासून करतेय आणि तिथून सरळ 60-40 वर जातेय. जास्तीचा रुपया नवीन बस घ्यायला की तिकीट माफ करायला, याचं माझं उत्तर अजून कच्चं आहे, आज रात्री पार्टनर माझ्या बाजूने बोलणार आहे तेव्हा ते ऐकते आणि उद्या इथे टाकते.