जेमतेम ३०० प्रती निघालेल्या अल्बमचा 'प्रभाव' म्हणजे नेमकं काय? (ब्लॅकबोर्ड जंगल डब, १९७३)

निशाचर

परवा एका मित्राने 'ब्लॅकबोर्ड जंगल डब' पाठवला आणि वर दम भरला, "हे ऐकल्याशिवाय आजच्या संगीतावर बोलायचं नाही." ऐकला. दोनदा. आवडलाही. पण या अल्बमची जी आरती चालते ती पचली नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना गंधही नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेगेचं (जमैकातलं लोकप्रिय संगीत) तयार रेकॉर्डिंग घ्यायचं, गायकाला जवळजवळ हाकलून द्यायचं, ड्रम आणि बास पुढे आणायचे, गिटार-ऑर्गन मधेच डोकावून पसार, एखाद्या ठोक्यावर इको सोडायचा आणि तो विरेपर्यंत वाट बघायची. याला म्हणतात डब. ली 'स्क्रॅच' पेरी या निर्मात्याने १९७३ साली जमैकाच्या किंग्स्टनमध्ये, किंग टबी या ध्वनितंत्रज्ञासोबत बसून हा अल्बम मिक्स केला. मूळ नाव 'अपसेटर्स १४ डब ब्लॅकबोर्ड जंगल'. वाजवणारे पेरीच्या बँडचे, म्हणजे अपसेटर्स. प्रती निघाल्या तीनशे, त्याही फक्त जमैकात.

तीनशे! आमच्या सोसायटीची स्मरणिका याहून जास्त छापतात. मग जो अल्बम कोणी ऐकलाच नाही त्याने ट्रिप हॉप, डबस्टेप, रीमिक्स सगळं घडवलं, हे कसं काय? माझं म्हणणं असं की घडवलं ते गल्लीतल्या साउंड सिस्टिमनी (मोठे स्पीकर लावून रस्त्यावर नाच भरवणारे रेकॉर्डवाले) आणि सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूंनी. अल्बमला मुकुट नंतर चढवला, तोही युरोपातल्या संग्राहकांनी. आता झोडा.

मीनल_लंडन

झोडत नाही, उलट अर्धी तुमच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये लोकांना डब भेटला तो मुख्यतः बी-साइडवर. १९७५ साली जेकब मिलरच्या 'बेबी आय लव्ह यू सो'ची सिंगल इथे निघाली. तिच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचा टबीने केलेला डब होता, 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'. पुढची बाजू आज किती जणांना आठवते? मागची मात्र अख्ख्या अल्बमचं नाव होऊन बसली. मेलोडिकावर ऑगस्टस पाब्लो. मेलोडिका म्हणजे फुंकायची छोटी पेटी, शाळेत पोरांच्या हातात देतात ती.

तोडीमास्तर

मी शास्त्रीयवाला, त्यामुळे रागावू नका. पण यात रचना कुठे आहे? दुसऱ्याने बांधलेलं, तिसऱ्याने वाजवलेलं आणि चौथ्याने गायलेलं गाणं घ्यायचं, त्यातलं गाणंच काढून टाकायचं आणि वर आपलं नाव लावायचं. ही बटणांची करामत आहे. करामतीला नावं ठेवत नाही, तिला रचना म्हणू नका एवढंच.

धोंडू_मंडपवाले

मास्तर, बटणांची करामत म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे फक्त वाचायला येतो. आमचा तीन पिढ्यांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा.

टबी हा आमच्यातला माणूस. खरं नाव ऑस्बर्न रुडॉक. आधी रेडिओ दुरुस्ती, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे, लोकांचे अँप्लिफायर बनवून देणे. पुढे स्वतःची साउंड सिस्टिम काढली, होमटाउन हाय-फाय. स्टुडिओ म्हणजे वॉटरहाउस वस्तीत, ड्रॉमिली अव्हेन्यूवरचं राहतं घर. गायकाची खोली म्हणजे न्हाणीघर. डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेलं चार ट्रॅकचं एमसीआय मिक्सर घेतलं. त्यावर एक मोठा खटका होता, हाय-पास फिल्टरचा. तो फिरवला की खालचे सूर पायरी-पायरीने कापले जातात आणि झांज नुसती चिरकत राहते, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. बाकीच्यांनी तो दोष काढायला वापरला असता, हा तो वाद्यासारखा फिरवायचा.

दुसरं, स्प्रिंग रिव्हर्ब. डब्यात खरीखुरी स्प्रिंग असते. डब्याला धक्का लागला की आत वीज कडाडल्यासारखा आवाज होतो. आमच्याकडे ऑर्केस्ट्राच्या प्रोग्रामला पोराचा पाय त्या डब्याला लागला, तर वडिलांनी कानाखाली काढली होती. टबी तोच डबा मुद्दाम दणकवायचा, तालात.

इको तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, निवेदक "रसिकहो… हो… हो…" करतात तो. फिरती टेप, एक हेड आवाज लिहितं, पुढचं वाचतं. दोन हेडमधलं अंतर आणि टेपचा वेग, यावर आवाज किती उशिरा परत येणार ते ठरतं. वाचलेला आवाज पुन्हा लिहिणाऱ्या हेडकडे थोडाथोडा सोडला की लांबलचक शेपटी. जास्त सोडला तर शिट्टी लागते आणि पब्लिक शिव्या घालतं. ती शिट्टी लागायच्या अगदी अलीकडे हात थांबवणं, ही कला आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला चाळीस वर्षांत साधली नाही.

गोमूबाई

धोंडूभाऊ, _/\_ . वेगळा धागा काढाच.

रानजाई

@तोडीमास्तर, जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं काढून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचं नाव छापलेलं असतं. चाल उसनी, पद नवं. जमैकात त्या उसन्या चालीला रिडिम म्हणतात, एका रिडिमवर डझनाने गाणी. आपण शब्द बदलले, त्यांनी शब्दच काढले.

तोडीमास्तर

दृष्टांत सुंदर, पण उलटा लागतो. चाल उसनी घेऊन पद लिहावं लागत होतं. इथे काय लिहिलं?

रानजाई

गैरहजेरी लिहिली. याच अल्बममधलं 'काया स्कँक' ऐका. 'काया' हे बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचं गाणं, पेरीनेच १९७१च्या सुमारास त्यांच्याकडून करून घेतलेलं. मूळ गाणं माहीत असेल तर डब ऐकताना जिथे मार्लीचा आवाज नाही तिथेच तो ऐकू येतो. आपसूक मनात गायला लागता आणि मधेच बासही काढून घेतला की एकदम पायरी चुकल्यासारखं होतं.

अवांतर: काया म्हणजे शरीर नव्हे, गांजा. तिथे 'गांजा' हाच शब्द चालतो. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी तो नेला.

चष्मिष

'पहिला डब अल्बम' असं कोणी म्हणालं नाही हे नशीब. १९७३च्या आसपास तीन-चार दावेदार आहेत: हर्मन चिन लॉयचा 'अक्वेरियस डब', इम्पॅक्ट ऑल-स्टार्सचा 'जावा जावा जावा जावा' (निर्माता क्लाइव्ह चिन, मिक्सरवर एरॉल थॉम्पसन), आणि हा. दुकानात आधी कोणता आला यावर लोक पन्नास वर्षं भांडताहेत, आपण नको. वेगळेपणा स्टिरिओत आहे. बाकीचे दावेदार मोनो, हा दोन कानांत वेगवेगळा मांडलेला. म्हणूनच धागाकर्त्यांशी असहमत. साउंड सिस्टिमचे खोके नाचासाठी होते, तिथे डावं-उजवं कोण बघतो? ज्याने स्टिरिओ मिक्स केला त्याच्या डोक्यात बसून ऐकणारा माणूस होता. पहिल्याच 'ब्लॅक पँटा'त पेरी बोलून ऐकणाऱ्याचं स्वागत करतो. बी-साइडवर असं दार उघडून आत कोण घेतं? बी-साइड म्हणजे निर्मात्याची काटकसर, दुसरं गाणं रेकॉर्ड करायचा खर्च वाचला.

निशाचर

@चष्मिष, स्टिरिओचा मुद्दा मान्य, चांगला आहे. पण त्याने माझाच प्रश्न टोकदार होतो. बसून ऐकणारे किती होते? तीनशे.

आणि काटकसर म्हणून हिणवू नका. सगळी सुरुवात तिथली. १९६७-६८च्या सुमारास ट्रेझर आइल स्टुडिओत पॅरागॉन्सच्या 'ऑन द बीच'ची एक प्रत कापताना आवाजाचा ट्रॅक लावायचाच राहिला. रडी रेडवुड हा स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला ती तशीच घेऊन गेला. रात्री आधी गाण्याची प्रत लावली, मग ही बिनआवाजाची, आणि अख्खं पब्लिक स्वतः गायला लागलं. डबचा जन्म चुकीतून आणि गर्दीत झाला. ती प्रत म्हणजे डबप्लेट, मऊ अ‍ॅसिटेटची तबकडी, थोड्या वेळा वाजवली की झिजून बाद. प्रभाव मोजायचा तर त्या झिजलेल्या तबकड्यांचा मोजा. त्यांची यादी कोणाकडे नाही, म्हणून यादीत अल्बम येतो.

मीनल_लंडन

शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण तीनशेचं गणित चुकतंय. १९७३चं किंग्स्टन म्हणजे केवढं? स्टुडिओ, प्रेस आणि रेकॉर्डची दुकानं हाकेच्या अंतरावर. त्या तीनशेतल्या पन्नास जरी सिलेक्टर (साउंड सिस्टिमवर रेकॉर्ड लावणारे), निर्माते आणि मिक्सरवाल्यांकडे गेल्या असतील तरी काम झालं. (पन्नास हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.) पुस्तक किती खपलं यापेक्षा कोणी वाचलं हे कधीकधी महत्त्वाचं असतं.

पेरीचं पुढचंही धरा. वर्ष संपता संपता त्याने घराच्या आवारात ब्लॅक आर्क स्टुडिओ बांधला. १९७७ साली पंकवाल्या 'द क्लॅश'ने एका सिंगलसाठी त्यालाच निर्माता म्हणून घेतलं. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने १९९४चा आपला 'प्रोटेक्शन' अल्बम मॅड प्रोफेसर या डब निर्मात्याच्या हवाली केला आणि त्याने १९९५ साली त्याचा डब करून दिला, 'नो प्रोटेक्शन'. सुटं गाणं नव्हे, अल्बमचा अल्बम. एका बैठकीत ऐकायचा डब ही कल्पना आभाळातून पडली नाही.

बारभाई

सगळं जमैकातून आलं हे जरा आवरा. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन सत्तरच्या दशकाच्या मध्यात डिस्को गाणी ताणून रीमिक्स करत होता, त्याच्या वाटेत जमैका कुठे येत नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे तुकडे जोडून संगीत करणारा पिएर शेफर तर पॅरिसमध्ये १९४८ सालचा. आता कोणीतरी हिप हॉपवाल्या कूल हर्कचं नाव घेईल. जन्म किंग्स्टनचा, ब्रॉन्क्समधली प्रसिद्ध पार्टी ११ ऑगस्ट १९७३ची, कबूल. पण रॅप जमैकन टोस्टिंगमधून (रेकॉर्ड वाजत असताना माइकवर तालात बोलणं) आलं हे त्याने स्वतःच एका मुलाखतीत नाकारलंय. वर्ष जुळलं म्हणून नातं जुळत नाही.

चष्मिष

@बारभाई, शेफर बरोबर आहे, पण त्याच्या संगीतावर शनिवारी रात्री कोणी नाचत होतं का? फरक तेवढाच आणि तो लहान नाही.

एक गोष्ट मात्र राहूनच जाते. अ‍ॅस्टन आणि कार्लटन बॅरेट, बास आणि ड्रम, हे भाऊ अपसेटर्समधूनच वेलर्सकडे गेले. वाजवणाऱ्याला एका रेकॉर्डिंगचे पैसे एकदाच मिळायचे. त्याच पट्टीतून दहा वर्जन निघाली तरी नाव मिक्सरवाल्याचं. मास्तरांचा 'तिसऱ्याने वाजवलेलं' हा टोमणा इथे मला लागतो. रचनेबद्दल त्यांचं पटत नाही, हिशोबाबद्दल पटतं.

तोडीमास्तर

कोणाला तरी काहीतरी पटलं! जाता जाता: काल रात्री फोनवर 'ब्लॅक पँटा' लावून पाहिलं. टिक-टिक आणि मधेच कोणीतरी खाकरतंय. एवढंच?

धोंडू_मंडपवाले

मास्तर, फोनचा स्पीकर बास वाजवतच नाही. म्हणजे तुम्ही भात ठेवून वाफ खाल्लीत. हेडफोन लावा, आणि दोन्ही कानांत.

आज रविवार, गोडाऊनमध्ये सीझनआधीची तपासणी होती. अठरा इंची बासचे चार डबे लावले आणि हाच अल्बम सोडला. एरवी आम्ही ढोलाचा ट्रॅक लावतो. पहिल्या दोन मिनिटांत पत्र्याचं शटर बासबरोबर थरथरायला लागलं. मग बास गेला, नुसता इको राहिला, तर शटरही गप्प. पोरं कामं सोडून शटरकडे बघत उभी. शेजारचा वेल्डर आला आणि विचारतो, "गाणं कधी सुरू होणार?" पण गेला नाही. अर्धा तास डब्यावर बसून होता. मशीन बंद करताना म्हणाला, तो मधे आवाज पडतो ना, तो परत लाव.

निशाचर

बघा, मी काय सांगत होतो! मोठे खोके, रिकामी जागा, जमलेली माणसं. हेच किंग्स्टन. अल्बम नव्हे, साउंड सिस्टिम.

चष्मिष

आणि वाजत काय होतं हो?