पाणघोडा वाचवायचा असेल तर ड्यूकर खाऊ द्या

काजवा

2024च्या जुलैत थायलंडच्या प्राणिसंग्रहालयात मू डेंग जन्मली आणि पुढे कित्येक महिने तिचे व्हिडिओ आपल्या प्रत्येक घरगुती ग्रुपवर फिरले. माझ्या मावशीने तर तिला डीपीतच बसवलं. विचारलं, ही जात मूळची कुठली गं? म्हणाली, थायलंडचीच असणार.

तर ही जात बुटक्या पाणघोड्याची, आणि तिचं माहेर पश्चिम आफ्रिकेतलं लायबेरिया. शेजारच्या सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्टमध्येही थोडे आहेत, पण मुख्य वस्ती इथलीच. रानात उरलेत दोन-अडीच हजार, तेही अंदाजाने. रात्री एकटा फिरणारा आणि दिवसा ओढ्याकाठच्या झाडीत दडून बसणारा प्राणी मोजणार कसा? तिकडे त्याला 'पाणगाय' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

आता माझं मत. शिव्या घालायला मोकळे आहात.

लायबेरियात रानातल्या जनावराचं मांस, म्हणजे बुशमीट, पूर्ण बंद करा अशी मागणी सतत होते. 2014च्या एबोलात सरकारने बंदी घालूनही पाहिली. मांस बाजारातून गेलं नाही, टेबलाखाली गेलं. 2016च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित प्राण्यांची यादी आहे, ती चांगलीच आहे. पण गावकऱ्याच्या लेखी सगळीच शिकार गुन्हा झाली की हरणासारखा दिसणारा छोटा ड्यूकर मारला काय आणि पाणघोडा मारला काय, पकडलं गेलो तर भानगड सारखीच. मग काडतूस मोठ्या जनावरावर खर्च करणं परवडतं.

पाणघोड्याची मादी साडेसहा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. चिंपांझीच्या दोन पिल्लांत चार-पाच वर्षं जातात. उलट मॅक्सवेल ड्यूकर (आपल्या भेकराहून लहान) आणि ग्राउंडहॉग नावाने विकला जाणारा पाच-सहा किलोचा उंदीर, हे भराभर वाढतात. हा उंदीर तर शेतातला भात-मका फस्त करतो. राष्ट्रीय उद्यानांबाहेर गावाने हे दोन मारावेत आणि उघड विकावेत. पाणघोडा, हत्ती, चिंपांझी, लाल कोलोबस माकड, डायना माकड, जेंटिंक ड्यूकर यांना हात लावणाऱ्याला मात्र सोडू नये. रेंजर मोजकेच असतात, त्यांना सहा प्राण्यांमागे लावा, साठ नको.

भेकर

माझ्या नावाचा उल्लेख आलाच आहे तर बोलते. पूर्ण असहमत.

काजवा, तुम्ही हे मांस बाजारात येतं कसं ते लक्षात घेतलेलं नाही. ते धुरावर वाळवलेलं, काळं ठिक्कर, तुकडे केलेलं येतं. सिनो भागातल्या रानातून राजधानी मोनरोव्हियाला पोचेपर्यंत मॅक्सवेल कुठला, झेब्रा ड्यूकर कुठला आणि माकड कुठलं हे तपासनाक्यावरच्या माणसाने कशावरून ओळखायचं? वास घेऊन? एक प्राणी कायदेशीर केलात की बाकी सगळे त्याच्या नावाने विकले जाणार. दारूबंदीच्या जिल्ह्यात खोकल्याचं औषध कसं खपतं ते आठवा.

दुसरं, फासकी. तिकडची निम्मी शिकार तारेच्या फासकीने होते असं समजा, निम्मी नसेल तर बरीच. फासकीला डोळे असतात का? कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मरतात, दर वर्षी बातम्या वाचतो आपण. लायबेरियन मुंगूस घ्या. शास्त्राला तो कळला 1958 साली, तोही कवट्यांवरून. जिवंत हाती लागला 1989मध्ये. टोळीने गांडुळं उकरत फिरणारा हा बिचारा कुणाला मुद्दाम नको असतो, पण फासकीत सापडला की सुटत नाही. तुमच्या दोन कायदेशीर प्राण्यांसाठी लावलेल्या फासक्यांत तुमचेच सहा अडकणार.

सत्तरीकार

दोघेही शिकाऱ्याच्या मागे लागलात, गंमत आहे. शिकारी रानात शिरतो कसा? रस्त्याने. रस्ता कोण करतं?

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, खाणपट्ट्याच्या शेजारचा. ज्या सेसा गोवाचे ट्रक बघत आम्ही वाढलो, त्या कंपनीने 2011 साली लायबेरियातल्या वेस्टर्न क्लस्टर लोहखाण प्रकल्पात 51 टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी उरलेलाही. बोमी हिल्स, बिया माउंटन, मानो रिव्हर अशी तीन ठिकाणं. नंतर एबोला आला आणि काम थांबलं. उत्तरेला निम्बाच्या डोंगरात मित्तलांची आर्सेलरमित्तल आहे, तिचं खनिजाचं पहिलं जहाज ब्युकॅननहून 2011मध्येच सुटलं. त्याच निम्बाचा गिनी आणि आयव्हरी कोस्टकडचा भाग जागतिक वारसा आहे, लायबेरियाकडचा नाही. डोंगर एकच हां! लायबेरियाच्या बाजूला लॅमको कंपनीने 1963पासून खणून शिखरच पोकळ केलं होतं. शेजारचा तुकडा 2003मध्ये राखीव झाला.

त्याआधीचं बघा. 1926मध्ये फायरस्टोनला रबरासाठी 10 लाख एकर, 99 वर्षांच्या कराराने. दुसऱ्याच वर्षी हार्वे फायरस्टोनने राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना एक बुटका पाणघोडा भेट दिला. नाव बिली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक बुटके पाणघोडे त्याचे वंशज. म्हणजे रान घेतलं आणि पोचपावती म्हणून त्यातलं जनावर पाठवून दिलं.

आणि 2012! खाजगी वापर परवाना नावाचा प्रकार निघाला. छोट्या जमीनमालकांसाठीची सोय, तिच्या आड लाकूड कंपन्यांनी जवळपास पाव देश कागदावर आपल्या नावे करून घेतला. चौकशी झाली, परवाने थांबवावे लागले. पाव देश, आणि आपण इथे फासकी मोजतोय.

जुना खलाशी

बावीस वर्षं बोटीवर काढली. निम्म्या जहाजांच्या पाठीवर 'मोनरोव्हिया' लिहिलेलं, कारण झेंडा लायबेरियाचा. 1948पासून ही नोंदणी चालते, जगातल्या सगळ्यात मोठ्या नोंदण्यांपैकी एक, आणि कारभार अमेरिकेतून. रत्नागिरीच्या कितीतरी पोरांनी आयुष्य त्या झेंड्याखाली घालवलं आणि तो देश कधी पाहिला नाही. मी एकदाच पाहिला, मोनरोव्हियाच्या फ्रीपोर्ट बंदरात तीन आठवडे अडकलो होतो.

पाऊस विचारू नका. जगातली सगळ्यात ओली राजधानी आहे ती, आंबोलीत वाढलेला माणूसच तिथे टिकेल. बाजारात बायकांचं राज्य. रताळ्याच्या पाल्याची भाजी, पामतेल, सुकी मासळी, वाळवलेलं मांस, आणि बाहेरून आलेले कोंबडीचे गोठवलेले पंख आणि पाय. पाय! आपण ज्याचं सूप करताना नाक मुरडतो ते. भात मात्र हवाच. 1979मध्ये तांदळाचे भाव वाढवायचं निघालं तर एप्रिलच्या 14 तारखेला मोनरोव्हियात दंगल उसळली, माणसं मेली, आणि वर्षभरात सरकार उलथलं. जिथे भातावरून राज्य जातं तिथे कालवणावर बंदी घालायला कोण धजेल?

म्हणून काजवा बरोबर. भेकरताई, धुराचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. मी स्वतः एका पाटीतलं मांस काय आहे ते विचारलं, तर बाई हसली आणि म्हणाली, खाऊन ओळख.

मिरगाचा किडा

थोडं अवांतर. चिंपांझींचा विषय निघाला आहे म्हणून.

न्यूयॉर्क ब्लड सेंटरने 1970च्या दशकापासून लायबेरियात चिंपांझींवर हिपॅटायटिसचे प्रयोग केले. प्रयोग संपल्यावर प्राण्यांना नदीतल्या बेटांवर सोडलं. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणजे कुंपणाचा खर्च वाचला. बेटावर पुरेसं खाणं नाही, गोडं पाणीही नाही, सगळं होडीतून पोचवायचं. 2015मध्ये संस्थेने पैसे बंद केले. तेव्हा साठाहून जास्त चिंपांझी होते, आणि त्यांना खाऊ घालत राहिले ते तिथलेच स्थानिक कामगार, एबोलातून नुकता सावरणाऱ्या देशात. आरडाओरडा झाल्यावर 2017मध्ये संस्थेने 60 लाख डॉलर दिले.

मुद्दा एवढाच की 'स्थानिकांना प्राण्यांची कदर नाही' हे वाक्य कुणी या धाग्यावर लिहिण्याआधी ते आठवावं. अजून कुणी लिहिलेलं नाही, पण येईलच.

तिलारीकाठ

येणार नाही, कारण मी दुसऱ्या बाजूने लिहितोय.

2002पासून आमच्या दोडामार्गात कर्नाटकातून हत्ती येतात. केळी गेली, माड गेले, सुपारी गेली. पंचनाम्याला तलाठी येतो तोवर पुढचा हत्ती येऊन गेलेला असतो. लायबेरियात गबारपोलूच्या शेतकऱ्यांचं गेल्या काही वर्षांत हेच चाललंय. आफ्रिकेतला वनहत्ती 2021पासून 'अतिसंकटग्रस्त', म्हणजे त्याला काही करायचं नाही. बरोबर आहे, करू नका. पण काजवाशेठ, तुमच्या यादीत 'हात लावणाऱ्याला सोडू नये' लिहिताना त्याच हत्तीने ज्याचा कसावा उपटला त्याचं काय, याची ओळ कुठे आहे?

आणि भेकरताई, सगळं बंद करा म्हणणं सोपं असतं. सगळं बंद झालेलं असतं ते दुसऱ्याच्या वाडीत.

सत्तरीकार, खाणींचं पटलं. पण 'आधी खाण थांबवा, मग शिकारीचं बघू' म्हणताना पाणघोडे तेवढे थांबतील का?

सत्तरीकार

थांबणार नाहीत, मान्य. पण सापो उद्यानाचं घ्या. 1983चं, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 2003मध्ये वाढवून 1,804 चौरस किलोमीटर केलं. तिथलं गृहयुद्ध संपलं त्याच वर्षी. मग बंदुका टाकलेली बेकार पोरं तिथे सोनं शोधायला शिरली. 2005मध्ये हजारोंना बाहेर काढलं, काही वर्षांत पुन्हा आत. त्याच सिनोमध्ये 2010मध्ये पामतेलासाठी 2 लाख 20 हजार हेक्टरचा करार. गावाची जमीन कंपनीकडे, रान उद्यानाकडे. मधला माणूस फासकी लावेल नाही तर सोनं खणेल.

2018चा जमीन हक्क कायदा याच्यावर खरा उतारा होता, गावाची वहिवाटीची जमीन गावाची मानणारा. आपल्याकडे मेंढा-लेखाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्याच जातीचा. राखणारा मालक असेल तरच काजवांची योजना चालेल. नाही तर ड्यूकर मारायचा परवानाही कुणी कंपनी घेऊन बसेल.

काजवा

तिलारीकाठ, ओळ राहिली, चूक माझी. पिकाची भरपाई माझ्या यादीत पहिली हवी होती.

भेकरताई, धुराच्या मुद्द्यावर मी अडकलो, कबूल. दुरुस्ती सुचवतो: फक्त ताजं, कातडी-खूर शाबूत असलेलं जनावर विकायला परवानगी. धुरावलेलं दिसलं की जप्त.

जुना खलाशी

कातडी शाबूत? अहो, पावसाळ्यात आतल्या रानातल्या झ्वेड्रू गावाकडून येणारे ट्रक दिवसचे दिवस चिखलात रुतलेले असतात. त्या दमट हवेत ताजं जनावर मोनरोव्हियाला पोचलं तर ड्रायव्हरच उडी मारून पळेल. धूर हौस म्हणून नाही देत कुणी.

भेकर

खलाशीकाका, हे माझ्या बाजूने होतं की काजवांच्या, ते मला अजून कळलेलं नाही, पण धन्यवाद.

एवढंच मान्य करते. ड्यूकर नाही, फक्त ग्राउंडहॉग. तो घाना आणि बेनिनमध्ये पिंजऱ्यात पाळतात, गवत खातो, बंदूक लागत नाही, फासकी लागत नाही. गावोगाव पाळा, विका, माझी हरकत नाही.

काजवा

आणि धुरावल्यावर तो पाळलेला की रानातला, कसं ओळखणार? वास घेऊन?

भेकर

ओळखायची गरजच नाही. रानातला निघाला तरी कुणाच्या तरी शेतातलाच असणार. तो माकड नाही एवढं कळलं की पुरे. डोकं शाबूत ठेवून विका म्हणावं. पुढचे दात छिन्नीसारखे असतात, वरच्या प्रत्येक दातावर तीन उभ्या खाचा. धूर कितीही द्या, त्या बुजत नाहीत.