सेंट पॅट्रिक्स डे तुमच्या शहरात कसा साजरा झाला? (अनुभव धागा)

खारीबटर

मंडळी, 17 मार्च, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण, जवळ आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "शिकागोची नदी खरंच हिरवी करतात का गं?" तर हो, खरंच करतात, आणि मी दोनदा बघितलीय. म्हटलं एकदाच धागा काढू, सगळ्यांनी आपापलं लिहा. आयर्लंडमधले, अमेरिकेतले, पुण्यातलेसुद्धा. फजिती झाली असेल तर आधी ती लिहा.

माझ्यापासून सुरुवात. 2025 ला शुक्रवारी धुळवड आली होती आणि लगेच शनिवारी, म्हणजे 15 मार्चला, नदी हिरवी होणार होती (इथे 17 ला नाही करत, आधीच्या शनिवारी करतात, 17 लाच शनिवार आला तर गोष्ट वेगळी). आई आलेली होती भारतातून, तिला म्हटलं चल, अमेरिकन रंगपंचमी दाखवते. आम्ही राहतो लांब सबर्बात, म्हणून सकाळी सातची ट्रेन पकडली. ट्रेनमध्ये सगळी विशी-बाविशीतली पोरं, हिरव्या टोप्या, हिरवे मणी, एकाने तर कुत्र्यालापण हिरवा टाय घातलेला. त्या वीकेंडला ट्रेनमध्ये दारू न्यायला बंदी असते त्यामुळे बॅगा बघत होते. आणि आमच्या बॅगेत काय निघावं? आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या फॉइलमध्ये, आणि पाण्याच्या बाटलीत आईचं कोकम सरबत. लालभडक! तो कंडक्टर बाटलीकडे बघतोय, आईकडे बघतोय, परत बाटलीकडे. आईने काही न बोलता झाकण उघडून बाटली सरळ त्याच्या नाकाखाली धरली. बिचारा हसत पुढे गेला.

नऊला पुलाजवळ पोचलो तर कठड्याला आधीच तीन रांगा. दहाच्या सुमारास एक मोठी बोट आणि एक छोटी बोट आली. मोठीतली माणसं चक्क पीठ चाळायच्या चाळणीतून पावडर टाकतात, आणि ती पावडर असते केशरी! आई म्हणाली, "अगं, हा तर शेंदूर." आणि मग पाण्याला लागली की कडेकडेने पोपटी व्हायला लागते, छोटी बोट मागून गरागरा फिरून ढवळते, आणि दहा-पंधरा मिनिटांत अख्खी नदी अशी दिसते जशी कुणीतरी आत रेडियमचा दिवा लावलाय. फोटोत कमी हिरवी येते, हे मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना वाटतं फोटो एडिट केलाय, उलट आहे.

हा उद्योग 1962 पासूनचा, प्लंबर लोकांच्या युनियनने सुरू केलेला. सांडपाणी चोरून कुठून नदीत सोडतात ते शोधायला ते पाण्यात रंग टाकायचे, एका प्लंबरचा डगला त्याने हिरवा झाला आणि त्यावरून डोकं चाललं. पहिल्या वर्षी 100 पौंड टाकला आणि नदी आठवडाभर हिरवी! आता साधारण 40 पौंडांत भागवतात. आधीचा रंग बरा नव्हता म्हणून नंतर वनस्पतींपासून केलेला आणला, पण कशाचा ते सांगत नाहीत, घरचा मसाला असल्यासारखं गुपित आहे.

आईची प्रतिक्रिया सांगायलाच हवी. पाच मिनिटं गप्प बघितलं आणि मग, "आम्ही निर्माल्य सोडलं तर ओरडता."

---

टी_स्क्वेअर

खाबं, भारी! एक सिव्हिलवाल्याची खाज: ही नदी मुळात उलटी वाहते. पूर्वी ती मिशिगन तळ्यात जायची, शहराची घाण तळ्यात आणि पिण्याचं पाणीपण तळ्यातूनच, म्हणून 1900 मध्ये कालवा खणून प्रवाहच फिरवला. म्हणजे तो हिरवा रंग तळ्यात न जाता दुसरीकडे निघून जातो. लोक टोप्या घालून नाचतात, आम्ही कठड्याला टेकून प्रवाहाची दिशा बघत बसतो. बायकोने तेव्हापासून मला न्यायचं बंद केलंय.

---

मालवणी_खाजा

डब्लिन. आठ वर्षं झाली.

इथे सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवतात. सेंट पॅडीज डे म्हणायचं, पॅटीज डे नाही. मी पहिल्या वर्षी ऑफिसात हॅपी पॅटीज डे असं मेल टाकलं आणि टीममधला एक आयरिश पोरगा खुर्ची फिरवून मला म्हणाला, पॅटी बर्गरमध्ये असते. पॅट्रिकचं आयरिश पाद्रग, त्यातला द, म्हणून पॅडी. वडापाव खाऊन वाढलेल्या माणसाला पॅटीवरून ऐकून घ्यावं लागलं.

त्याच्याच वडिलांनी एकदा सांगितलं की त्यांच्या लहानपणी 17 मार्चला आयर्लंडमध्ये पब बंद असायचे! कायद्यानेच, साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. आपल्या गांधीजयंतीसारखा ड्राय डे. सकाळी चर्चला जायचं, कोटाला शॅमरॉकचा (तीन पानांची आयरिश वनस्पती) छोटा जुडगा टाचायचा, घरी येऊन बेकन आणि कोबी खायचं, झाला सण. हिरवी बियर वगैरे सगळं अमेरिकेतून उलटं आलेलं, आणि हिरवी बियर तर इथे कुणी मागितली तर बारवाला कीव केल्यासारखा बघतो.

माझा लक्षात राहिलेला पॅडीज डे म्हणजे 2022 चा. दोन वर्षं कोविडमुळे मिरवणूक नव्हती आणि त्या वर्षी परत निघाली, 17 मार्च गुरुवार. त्याच दिवशी आपली होळी! आणि 18 ला धुळवड, तर त्या वर्षी सरकारने 18 मार्चलाही एक जादा सुट्टी दिली होती, कोविडमध्ये गेलेल्यांच्या आठवणीसाठी आणि काम केलेल्यांच्या आभारासाठी. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा परदेशात धुळवडीला सरकारी सुट्टी! सकाळी पुरण शिजवत ठेवलं, ओकॉनेल ब्रिजजवळ जाऊन उभे राहिलो, पुढे इतकी गर्दी की पोरीला काही दिसेना. शेजारी एक आजोबा घरून घडीची शिडी घेऊन आले होते. नेहमीचे असणार. त्यांनी पोरीला वरच्या पायरीवर चढवलं, स्वतः खाली शिडी धरून उभे राहिले आणि पूर्ण वेळ त्यांना स्वतःला मिरवणुकीतल्या फक्त उंच बाहुल्यांची डोकी दिसली. बँड गेले, राक्षसाएवढे पुतळे गेले, पाठीवर पंख लावलेली माणसं गेली. दुसऱ्या दिवशी बागेत रंग खेळलो. शेजारची दोन आयरिश पोरं आली ती आदल्या दिवशीच्या हिरव्या तोंडानेच, त्यावर आम्ही गुलाबी लावला.

आणि 2020 विसरता येत नाही. सगळं रद्द, रस्ते मोकळे, 17 मार्चला संध्याकाळी टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण. पंतप्रधान कोण तर लिओ वराडकर, ज्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. आमचं गाव तिथून जवळच. भाषण ऐकून आम्ही दोघं घाबरून बसलेलो आणि तेवढ्यात आजीचा फोन, "आपलो वराडचो झील काय म्हणता?" म्हटलं, घरी बसा म्हणता. "मग बस."

---

कुठेतरी_कॉर्कात

खाजा, डब्लिनची मिरवणूक म्हणजे टीव्हीवरचं काम. आमच्या छोट्या गावातली बघा कधीतरी. सगळ्यात पुढे गावातला बँड, मग शाळा, मग हर्लिंगची (इथला काठी-चेंडूचा खेळ) काठी घेतलेली पोरं, मग अग्निशमन दलाची गाडी भोंगा वाजवत, मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टर संपतच नाहीत. घासून पुसून मेण लावलेले, आपल्याकडे बैलपोळ्याला शिंगं रंगवतात ना अगदी त्याच हौसेने. आम्ही तिघं देशी लोक क्रिकेट क्लबच्या नावाखाली चालतो, पॅड बांधून, आणि दोन्ही बाजूंनी लोक नावाने हाका मारतात कारण अर्धं गाव मिरवणुकीत आणि अर्धं बघायला.

याच कॉर्क जिल्ह्यात ड्रिप्सी नावाचं गाव आहे, तिथली मिरवणूक जगातली सगळ्यात छोटी म्हणून प्रसिद्ध होती, या पबपासून त्या पबपर्यंत, बास. पुढे एक पब बंद पडला आणि मिरवणूक संपली.

पाऊस असतोच. गेल्या खेपेला आडवा पाऊस, बॅटवरून पाणी गळतंय, आणि समोरून म्हातारी ओरडतेय, "सुंदर दिवस आहे!"

---

पाचवी_गल्ली

न्यूयॉर्क. इथली मिरवणूक 1762 पासूनची, म्हणजे अमेरिका देश व्हायच्याही आधीची, आणि हिच्यात सजवलेल्या गाड्याबिड्या काही नसतात, नुसती माणसं चालतात आणि बॅगपाइप. पाचव्या अव्हेन्यूने 44 व्या रस्त्यापासून 79 व्यापर्यंत. ऐकायला साधं वाटतं पण तासन्‌तास चालते हो!

मला हे माहीत नव्हतं. नवीन नोकरी, ऑफिस अव्हेन्यूच्या एका बाजूला, आणि दुपारी ज्यांच्याकडून डबा घ्यायचा त्या काकू पलीकडच्या बाजूला येऊन थांबल्या. मधे मिरवणूक. पोलीस म्हणतो इथून नाही, पुढे जा. पुढचा म्हणतो मागे जा. काकू पलीकडून डबा उंच करून दाखवतायत, मधून किल्ट (पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) घातलेले दोनशे जण पिपाण्या वाजवत चाललेत. शेवटी भुयारी स्टेशनात उतरून पलीकडे निघालो. भेंडीची भाजी होती, गार. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी पलीकडच्या मावशीकडे जायचा प्रयत्न केलेल्यांना हे समजेल.

---

सांजवारा

बॉस्टनचं लिहिते, थोडं कडू आहे.

साउथ बॉस्टनची मिरवणूक रविवारी असते. दोन लहान पोरं, स्ट्रोलर, नवरा हौशी. अकरालाच आजूबाजूचे लोक झिंगलेले, घरांच्या गच्च्यांवरून आरडाओरडा, आणि कुणीतरी माझ्या बुटावर ओकलं. सॉरी म्हणाला, गळ्यातली हिरव्या मण्यांची माळ काढून मलाच घातली आणि गेला. ती माळ अजून मुलीच्या खेळण्यात आहे. बूट टाकून दिले. लहान मुलं असतील तर जाऊ नका, निदान स्ट्रोलर घेऊन नका. एखाद्याला हे मजेशीर वाटेल, मला नाही वाटलं.

बाकी बॉस्टनवाल्यांचा एक चलाखपणा आवडला. 17 मार्च 1776 ला इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेली, म्हणून त्या तारखेला इथल्या काउंटीत इव्हॅक्युएशन डे म्हणून सुट्टी ठेवलीय. योगायोगाने त्याच दिवशी पॅट्रिक. ऑफिसातला एक आयरिश आडनावाचा म्हातारा म्हणायचा, आम्ही इंग्रज गेले म्हणूनच पितो, दोन्हीकडून बरोबर आहे.

---

कॅम्पातला_पोरगा

पुणे! हसू नका. एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल आहे की आपलं, एकोणिसाव्या शतकातलं, ब्रिटिश फौजेतल्या आयरिश कॅथलिक सोल्जरांसाठी बांधलेलं. अर्धं पुणं त्यावरून रेसकोर्सला जातं आणि कुणी विचारत नाही की हा पॅट्रिक कोण. माझे शेजारी गोव्याचे, त्यांच्याबरोबर लहानपणी तिथे जायचो. हिरवं काही नाही, टोप्या नाहीत, मिस्सा आणि नंतर बाहेर गप्पा.

हिरवं बघितलं ते नोकरी लागल्यावर, एका पबमध्ये, मित्रांनी नेलं. हिरवी बियर. खायचा रंग इतका ओतलेला की दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटसमोर प्रेझेंटेशनला उभा राहिलो तर ओठ, जीभ, दात, सगळं पोपटी. क्लायंट आयरिश नव्हता. कुणीच आयरिश नव्हतं.

---

खारीबटर

@कॅम्पातला_पोरगा 🤣 सांजवारा, वाईट वाटलं गं. इथेपण दुपारनंतर तसंच होतं, आम्ही नदी बघून साडेअकराला परतीच्या ट्रेनमध्ये बसतो. कुणाला पोरांच्या शाळेतला अनुभव आहे का? माझ्या मुलाला पहिलीत हिरवं घातलं नाही म्हणून वर्गातल्यांनी चिमटे काढले होते.

---

मालवणी_खाजा

चिमट्याचं अमेरिकेतलंच खूळ. माझ्या पोरीला इथे कुणी विचारलंही नाही.

---

आंबटगोड

न्यू जर्सी. मिरवणूक वगैरे नाही, आमचा अनुभव घरातलाच. मार्चमध्ये इथे सुपरमार्केटमध्ये छोट्या कुंड्या येतात, वर शॅमरॉक लिहिलेलं, हिरवा कागद गुंडाळलेला. तीन पानांचं, गोड दिसतं. शेजारीण आयरिश, म्हटलं तिला देऊ. दोन आणल्या आणि खिडकीत ठेवल्या. रात्री बघते तर पानं मिटलेली! वाटलं मेलं. सकाळी परत उघडलेली. मग लक्षात आलं की हे कुठेतरी बघितलंय.

सासूबाई बाहेर आल्या, चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं ही तर आंबुशी." मी म्हटलं नाही हो, शॅमरॉक आहे, कंपनीने लिहिलंय. त्यांनी एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आंबुशीच होती. नंतर शोधलं तर इथे शॅमरॉक म्हणून विकतात ती बहुतेक वेळा आंबुशीच्याच जातीची असते, आयर्लंडमधलं ते वेगळं, क्लोव्हरसारखं.

मी ओरडले, औषधं फवारलेली असतात खाऊ नका. त्यावर, "एकच तर पान." संध्याकाळी शेजारणीला द्यायला कुंडी उचलली तर एका बाजूने टक्कल.